वाटीखालचा दोर

मटणबाजारातल्या बाराव्या गाळ्यावर बसणाऱ्या बाईला सगळे वहिनी म्हणत. नवरा होता तेव्हा तो अख्ख्या बाजाराचा दादा होता, म्हणून ती वहिनी. तो जाऊन तीन वर्षं झाली तरी ती वहिनीच राहिली. अंगानं रुंद, मनगटं जाड, आणि तोंड असं की शेजारच्या गाळ्यातला कोंबडीवाला म्हणायचा, "वहिनीच्या हातात सत्तूर असतो तोवर ठीक असतं. तो खाली ठेवून ती बोलायला लागली की पळायचं."

वहिनीचा उजवा गुडघा वाजायचा. खाली बसली की कट्, उठली की कट्. पहाटे माल उतरवताना वाजे, दुपारी फरशी धुताना वाजे. कोंबडीवाला ओरडायचा, "उठली रे वहिनी, घड्याळं लावून घ्या!" तिनं ते कधी मनावर घेतलं नाही. दिवसाला वीस-पंचवीस रानांचे, म्हणजे बकऱ्याच्या मागच्या तंगड्यांचे, सांधे ती स्वतःच्या हातानं सोडवायची, आणि सांधा म्हटला की कधी ना कधी बोलणार, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. गुडघ्याच्या वाटीखाली सुरीचं टोक कुठं टेकवायचं, कुठला दोर आधी कापायचा, मग रान कशी जोर न लावता आपोआप उघडते, हे तिच्या बोटांना डोळे मिटून कळायचं. बाकीचे कसाई गुडघ्यावर सत्तूर घालून हाडाचा चुरा करायचे. तिच्या मटणात हाडाची कणी सापडली असं बाजारात कुणी म्हणू शकत नव्हतं.

मग एका सकाळी सोललेला बकरा आकड्याला लावताना तिचा पाय ओल्या फरशीवर सरकला. पाऊल तिथंच राहिलं आणि अंग वळलं. आवाज झाला, पण तो रोजचा नव्हता. ओलं फडकं पिळावं तसा, आतल्या आत. त्यापाठोपाठ गुडघ्याच्या आतल्या अंगाला सुई खुपसल्यासारखी कळ. संध्याकाळपर्यंत गुडघा सुजला. तिसऱ्या दिवशी स्टुलावरून उठायला गेली तर पाय अर्धाच सरळ झाला आणि अडकला. ना पुढं, ना मागं. भर गर्दीत ती काउंटर धरून तशीच उभी राहिली, गिऱ्हाइकं बघतायत, आणि कपाळावरून घाम ओघळतोय. कोंबडीवाल्यानं त्या दिवशी घड्याळाचा विनोद केला नाही.

हाडांची डॉक्टरीण तिच्याहून वयानं लहान होती आणि बोलायला काटेकोर. तिनं टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा पुढं ओढला.

"ताई, हे बघा. ही वरची वाटी. आत या दोन—"

"गाद्या," वहिनी म्हणाली. "चंद्रकोरीसारख्या, पांढऱ्या. एक आत, एक बाहेर. मधे दोन दोर, एकमेकांवर फुली मारल्यासारखे. बाजूला एकेक पट्टा. रोज बघते मी."

डॉक्टरीण हसली. "मग मी कशाला बसलेय इथं?"

"तो आवाज कसला ते सांगा. मेलेला सांधा मला कळतो, जिता नाही."

तेव्हा डॉक्टरणीनं प्लास्टिक बाजूला सारलं आणि नीट सांगितलं. सांध्यात वंगणासारखं पाणी असतं, त्यात हवेचे बुडबुडे धरतात आणि फुटतात. कधी एखादा दोर हाडाच्या उंचवट्यावरून उडी मारतो, त्याचाही आवाज येतो. "नुसता आवाज आला, दुखलं नाही, सुजलं नाही, तर वाजू द्या. आयुष्यभर वाजू द्या. पण आवाजासोबत कळ आली, सूज आली, पाय अडकला किंवा चालताना गुडघा दगा द्यायला लागला, तर ते दुखणं. तुमची आतली गादी फाटलीय, तिचा तुकडा मधे येतोय. उकिडवं बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही. सहा आठवडे व्यायाम करा, मग बघू दुर्बिणीनं काढावा लागतो का."

"आणि बकरे कोण उचलणार?"

"घरात कुणी नाही का?"

घरात कुणी नव्हतं. तिला मूल झालं नव्हतं. होता तो एक दीर.

धाकटा म्हणत त्याला सगळे, चाळिशीला आला तरी धाकटाच. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, आईबापाविना. तिनंच त्याला जेवू घातलं, तिनंच त्याचे कपडे धुतले, डोक्यातल्या उवा काढल्या. तो तिला 'अगं वहिनी' म्हणायचा. पुढं थोरल्याशी, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याशी, त्याचं फाटलं आणि तो निघून गेला, दूरच्या एका मोठ्या कत्तलखान्यात कामाला लागला. थोरल्याच्या मयताला आला, बायकोला घेऊन याच गावात राहिला, पण गाळ्याकडे फिरकला नाही. वहिनीनं त्याला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो दारात उभा, आपल्या सुऱ्या फडक्यात गुंडाळून.

पहिला महिना बरा गेला. धाकट्याचा हात तयार होता. दोन बकरे दोन खांद्यांवर घेऊन तो हसत चालायचा. वहिनी उंच स्टुलावर बसून वजन करायची, घरी जाऊन पाय सरळ वर उचलायचे व्यायाम करायची. सूज ओसरली. पाय अडकायचा तो आठवड्यातून एखाद्या वेळी.

मग हळूहळू धाकट्याचा आवाज वाढला. गिऱ्हाईक तिच्याशी बोलायला गेलं की तो मधे पडायचा. "वहिनीला विचारू नका, वहिनी आता बसून खाणार." एकदा तिनं रान सोडवायला घेतली तर त्यानं तिच्या हातातून सुरी काढून घेतली. प्रेमानं नव्हे, हिसकावून. एका सकाळी ती आली तर गाळ्यावरची थोरल्याच्या नावाची पाटी उतरवून भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली.

"हे काय?"

"नवीन करायला टाकलीय. माझ्या नावाची."

"लाव ती परत."

"मेलेल्या माणसाच्या नावानं मटण विकायचं काय?"

तिनं स्टूल ओढलं, वर चढली, दुखऱ्या पायावर भार देऊन, आणि पाटी स्वतः लावली. धाकटा खाली उभा राहून बघत होता. त्यानं स्टूल धरलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात ते झालं. दुपारची वेळ होती. बाजार संपलेला, गाळेवाले फरशा धुऊन पाणी गटारात लोटत होते. धाकट्यानं शटर अर्धं खाली ओढलं आणि एक कागद काउंटरवर ठेवला.

"सही कर. परवाना माझ्या नावावर होईल."

"नाही करणार."

"पाय चालत नाही तुझा. उद्या तो दुसराही जाईल. गाळा कुणासाठी धरून ठेवतेस?"

"माझ्यासाठी. माझा आहे तो."

"तुझा?" तो हसला. "या गाळ्यात किती वर्षं मार खाल्ला मी? तुला माहितेय. तू तिथंच असायचीस, त्या कोपऱ्यात. काउंटर पुसत."

ते खरं होतं.

थोरला काम शिकवायचा ते मारून. मांस वाया गेलं, हाडाला सुरी लागून खाच पडली, की तो सत्तुराच्या पाठीनं पोराच्या गुडघ्यावर घालायचा. गुडघ्यावर का, तर पँटखाली दिसत नाही. धाकटा ओरडायचा नाही. त्याच्या घशातून कुत्र्यासारखा बारीक आवाज यायचा, तेवढाच. वहिनी पुसलेला काउंटर परत पुसायची. घरी गेल्यावर गरम पाण्यात फडकं बुडवून त्याचा गुडघा शेकायची. शेकताना दोघांपैकी कुणी त्यावर एक अक्षर बोललं नाही, कधीच.

"ते मला काढून दाखवू नकोस," ती म्हणाली. "मारणारा गेला."

"बघणारी आहे ना."

त्यानं तिच्याखालचं स्टूल लाथेनं उडवलं.

ती फरशीवर आपटली, कोपरावर. उठली. उठताना गुडघा बोलला, पण उठली, आणि सगळा जोर एकवटून त्याच्या थोबाडीत दिली. अशी की त्याचं डोकं काउंटरच्या कडेला लागलं आणि भुवई फुटली. रक्त डोळ्यात आलं. त्यानं तिची मान धरली आणि तिला मागं ढकलत नेलं, आकड्यांच्या रांगेत. एका आकड्याचं टोक तिच्या खांद्यात शिरलं आणि कातडी फाडत बाहेर आलं. तिच्या हाताला सुऱ्या पाजवायची लोखंडी सळी लागली. तिनं ती त्याच्या बरगडीवर मारली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यानं सळी हिसकावून फेकली. काउंटरवरचं सगळं खाली आलं. वजनं, तराजू, ताट, सुऱ्या. दोघांची तोंडं एकमेकांपासून वीतभर अंतरावर होती आणि दोघंही बैलासारखी फुरफुरत होती.

ती त्याच दुखऱ्या उजव्या पायावर भार देऊन उभी होती. त्यानं ते पाहिलं. त्यानं बुटाचा पाय उचलला आणि बाहेरच्या बाजूनं तिच्या गुडघ्यावर पूर्ण वजनानं घातला.

फट् असा आवाज झाला. जाड दोरखंड ताणून तुटावा तसा. तिनं तो कानानं ऐकला आणि हाडातूनही ऐकला. गुडघा आतल्या बाजूला दुमडला, जसा तो कधीच दुमडत नाही, आणि ती खाली गेली. दुखणं लगेच आलं नाही. आधी तिला फक्त एवढंच कळलं की मधला दोर गेला, आतल्या अंगाचा पट्टा गेला. इतकं स्वच्छ कळलं, जणू रान उघडून समोर ठेवलीय. मग दुखणं आलं आणि तिला ओकारी झाली.

धाकटा थांबला नाही. त्यानं परत पाय उचलला.

ओल्या फरशीवर तिच्या हाताखाली एक सुरी होती, सांधे सोडवायची, अरुंद पात्याची. समोर, हातभर अंतरावर, त्याचा डावा गुडघा होता. सगळं वजन त्याच्यावर, पँटचं कापड ताणलेलं, वाटी वर दिसणारी आणि वाटीखाली तो रुंद दोर, खालच्या हाडाला जाऊन मिळणारा. तिनं विचार केला नाही असं नाही. केला. मग टोक टेकवलं आणि ओढलं. रोज ओढायची तसंच, जोर न लावता.

धाकटा कोसळला. आधी त्याला काय झालं तेच कळलं नाही. तो उठायला गेला, मांडी आवळली, पण खालचा पाय हललाच नाही. मांडीनं वाटी तेवढी वर ओढून नेली, फाटक्या कापडातून दिसण्याइतकी. तो आपल्या पायाकडे बघत राहिला आणि मग त्याच्या घशातून तो आवाज आला, बारीक, कुत्र्यासारखा. पंचवीस वर्षांत तिनं तो ऐकला नव्हता.

दोघं एकमेकांसमोर पडली होती. रक्त, पाणी, सांडलेली चरबी सगळं एक होऊन गटाराकडे चाललं होतं.

"उठू नकोस," ती म्हणाली. "उठलास की अजून फाटेल."

"तुझ्या..." त्यानं शिवी घातली. मग रडायला लागला.

तिनं अंगावरचा एप्रन ओरबाडून काढला, कोपरांवर सरपटत त्याच्यापर्यंत गेली, आणि त्याच्या गुडघ्याभोवती तो आवळून बांधला. त्यानं तिला दोन गुद्दे मारले, ती बांधत होती तेव्हा. मग मारायचं थांबवलं. तिनं शटरकडे तोंड करून कोंबडीवाल्याला हाक मारली.

कोंबडीवाला शटर वर करून आत आला. त्यानं बाहेरून दोघा हमालांना बोलावलं. गाडी मिळेपर्यंत थांबायला वेळ नव्हता. बकरे आणायची ढकलगाडी होती, तिच्यावर गोणपाट टाकून त्यांनी दोघांना शेजारी शेजारी झोपवलं आणि दवाखान्याकडे पळत सुटले. रस्त्यातला प्रत्येक खड्डा दोघांना एकदम बसत होता आणि दोघं एकदम कळवळत होती. माणसं बाजूला होऊन बघत होती. "अपघात का?" कुणीतरी विचारलं. "हो, घरगुती," कोंबडीवाला धापा टाकत म्हणाला.

डॉक्टरणीनं वहिनीचा गुडघा दोन्ही हातांत धरून खालचं हाड पुढं ओढलं. ते टेबलाच्या खणासारखं सरकत बाहेर आलं. तिनं सिरिंज लावली आणि गुडघ्यातून वाटीभर रक्त काढलं.

"घसरलात असं सांगू नका. घसरून हे होत नाही. बाहेरून कुणीतरी पाय घातलाय."

"दिरानं."

"आणि शेजारच्या खोलीतला तो दोर? इतका सरळ काप मी ऑपरेशनमध्येही देत नाही."

"तो मी दिला."

डॉक्टरणीनं हातमोजे काढले. मग म्हणाली, "जोडता येईल. काप सरळ आहे म्हणून जोडता येईल." आणि निघून गेली.

जबाब घ्यायला आलेला हवालदार पोट सुटलेला, कंटाळलेला माणूस होता. अशा भांडणात दोन्ही बाजू काय बोलतात हे त्याला पाठ होतं, म्हणून त्यानं अर्धं आधीच लिहून आणलं होतं. वहिनी म्हणाली, "मी कापलं. जाणूनबुजून. त्यानं मला आधी मारलं हे खरं, पण सुरी चुकून लागली असं लिहू नका." हवालदारानं खोडलं. तो शेजारच्या खोलीत गेला. धाकटा छताकडे बघत म्हणाला, "आधी मी मारलं. स्टूल मी पाडलं. तिचा पाय मी मोडला. दुसऱ्यांदा घालणार होतो." हवालदारानं परत खोडलं. नोकरी लागल्यापासून दोन्ही पार्ट्या खरं बोलल्यात असं त्याच्या बाबतीत झालं नव्हतं, आणि कागदावर ते कसं मांडायचं हे त्याला कळेना. पुढं केस उभी राहिली तेव्हा न्यायाधीशांनी दोघांनाही झापलं, दोघांकडून चांगल्या वागणुकीचं हमीपत्र घेतलं आणि सोडलं. गाळा वहिनीच्या नावावर होता, तो तसाच राहिला.

वहिनीची फाटलेली गादी दुर्बिणीनं साफ केली. मधला दोर या वयात नव्यानं बसवण्याऐवजी मांडीचे स्नायू घट्ट करायचे आणि गुडघ्याला बाहेरून आधाराचा पट्टा लावून चालायचं असं ठरलं. धाकट्याचा दोर शिवला, पाय सहा आठवडे सरळ बांधून ठेवला. त्यानंतर दोघांचे व्यायाम एकाच ठिकाणी सुरू झाले, कारण गावात तशी जागा एकच होती. दवाखान्याच्या मागच्या अंगाला लांबट खोली, चार खाटा, भिंतीला आडवा दांडा. व्यायामवाली मुलगी चष्मा लावणारी, आवाज मात्र कवायत घेणाऱ्या जमादाराचा. तिला या दोघांचं नातं माहीत नव्हतं. तिनं त्यांना शेजारच्या खाटा दिल्या.

पहिले पंधरा दिवस दोघं बोलली नाहीत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. वहिनी मोजायची, धाकटाही मोजायचा, आणि कधी कधी आकडे एकत्र पडायचे, तेव्हा एकजण मुद्दाम गप्प व्हायचा.

एका सकाळी धाकटा म्हणाला, "मांडीतली मोठी नस तिथून चार बोटं वर असते."

"माहितेय."

"मग तिथं का नाही घातलीस?"

"तुला मारायचं नव्हतं. थांबवायचं होतं."

त्यानं दहापर्यंत मोजत टॉवेल दाबला, सोडला. मग छताकडे बघतच त्यानं विचारलं, "आणि दादाला का नाही थांबवलंस?"

वहिनीचा पाय हवेत होता. तो तिनं खाली ठेवला. या प्रश्नाचं एक उत्तर तिनं कित्येक वर्षं तयार करून ठेवलं होतं. नवऱ्यापुढं बाईचं काय चालतं, मी मधे पडले असते तर त्यानं तुला आणखी मारलं असतं. ते उत्तर तोंडापर्यंत आलं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

"भीती वाटायची," ती म्हणाली. "आणि खरं सांगू? बरंही वाटायचं. त्याचा राग तुझ्यावर निघाला की तो घरी शांत यायचा. माझ्या अंगावर हात नाही टाकायचा त्या दिवशी. तू गेलास, त्यानंतर मी खाल्ला मार. तू होतास तोवर तू खाल्लास. मी ते बघत होते आणि चालवून घेत होते."

धाकट्यानं टॉवेल बाजूला फेकला. तो उठून बसला. खाटेला टेकवलेली कुबडी ओढून काखेत घेतली. वहिनीला वाटलं तो आता मारणार, आणि तिनं हात वर केला नाही. पण तो उभा राहिला, कुबडी टेकत दारापर्यंत गेला. व्यायामवाली ओरडली, "अहो, अजून दोन प्रकार राहिलेत!" तो थांबला नाही. दुसऱ्या दिवशी आला नाही. आठवडाभर आला नाही.

वहिनी गाळ्यावर परतली होती. पायाला पट्टा, बसायला उंच स्टूल, बकरे उचलायला एक भाड्याचा हमाल. तिथं एका दुपारी धाकट्याची बायको आली. ही जाऊ अबोल होती. काउंटरच्या पलीकडे उभी राहून गिऱ्हाइकं जाईपर्यंत थांबली.

"जाऊबाई, ते पाय वाकवतच नाहीत. दिवसभर उशीवर ठेवून बसतात. काठीसारखा झालाय. डॉक्टर म्हणाल्या, आखडला की परत कापावं लागेल. मी हात लावला तर ताट फेकून मारलं."

तिच्या गालावर खरोखर व्रण होता.

वहिनीनं सुरी धुतली, पुसली, ठेवली. व्यायामवालीकडे गेली आणि सगळं खरं सांगितलं. ती मुलगी आधी घाबरली, मग नीट समजावून सांगू लागली. किती वाकवायचा, कुठं थांबायचं. झटका द्यायचा नाही. मांडी धरायची, नडगीवर तळहाताचा संथ भार टाकायचा, स्नायू ढिला पडेपर्यंत वाट बघायची. "साठ अंश. आत्ता साठच्या पुढं नाही. शिवलेला दोर आहे तो." कोन मोजायची प्लास्टिकची पट्टीही तिनं दिली.

धाकटा तिसऱ्या मजल्यावर राहायचा. वहिनी कठडा धरून एकेक पायरी चढली, प्रत्येक मजल्यावर थांबली. दार उघडंच होतं. खोलीत एक खाट, एक खिडकी, कोपऱ्यात भांड्यांचा ढीग आणि तो घासत बसलेली जाऊ. धाकटा खाटेवर पाय पसरून बसलेला, दाढी वाढलेली, गुडघ्यावर काळपट जाड व्रण.

"निघ," तो म्हणाला.

"खाटेच्या कडेला सरक. पाय खाली सोड."

"निघ म्हणतो ना! मेलीस तू मला."

"बरं. मेलेलीच्या हातानं वाकवून घे."

ती त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसली. एक हात त्याच्या मांडीवर ठेवला. मांडी वाळून निम्मी झाली होती, हाडाला कातडं टांगल्यासारखी. दुसरा हात नडगीवर. पट्टी धरायला जावेला बसवलं.

"तीस," जाऊ कुजबुजली.

वहिनीनं भार टाकला. गुडघ्यात कुरकुर झाली आणि धाकट्यानं किंकाळी फोडली. त्यानं वळलेली मूठ तिच्या खांद्यावर घातली, त्याच खांद्यावर जिथं आकडा शिरला होता. तिचे डोळे पाण्यानं भरले. तळहात तिनं काढला नाही.

"ओरड," ती म्हणाली. "त्याच्यापुढं ओरडायचा नाहीस ना तू. आता ओरड."

तो ओरडला. आईबापाच्या नावानं ओरडला, थोरल्याच्या नावानं ओरडला, तिला सापडतील तेवढ्या शिव्या घातल्या. जिन्यात शेजारी जमले. जावेनं उठून दार लावून घेतलं आणि परत पट्टी धरली. त्यानं आणखी दोनदा मारलं, एकदा गळ्यापाशी, एकदा कानावर. कान सुन्न झाला. वहिनी वाट बघत होती, मांडीतली ती ताठलेली गाठ सैल पडायची. ती पडली, थोडीशी. तिनं तेवढाच पाय खाली नेला.

"बेचाळीस."

आत काहीतरी कट् झालं. तिघंही दचकली.

"तुटलं!" धाकटा पांढराफटक पडला.

वहिनीनं बोटं वाटीखाली नेली, चाचपून पाहिलं. दोर जागेवर होता, ताणलेला, जिवंत. "नाही. नुसता वाजला. सूज नाही, काही नाही. पाय दाबून बघ माझ्या हातावर."

त्यानं दाबला. जोर कमी होता, पण होता. तिच्या तळहाताला तो जाणवला.

त्यानं तिचा दंड धरला. बोटं रुतली, नखं शिरली. तिला वाटलं परत मार येणार, पण हात तिथंच राहिला.

"थांबू का?" तिनं विचारलं.

"थांब म्हणालो का मी?" तो दात आवळून म्हणाला.

वहिनीनं परत भार टाकला.